निष्ठेचा दाखला

फितुरी हा शब्द मराठी मुलखाला नवा नाही. बखरींची पाने उलटू लागावे, तो ठिकठिकाणी या शब्दाशी गाठ पडते. जो किल्ला तोफांनी पडला नाही तो आतल्या एका माणसाने दिंडी उघडल्यामुळे पडला, अशा कथा येथील मुले आजीच्या मांडीवर बसून ऐकतात. परक्याशी संधान बांधणाऱ्याविषयी मराठी मनात जी चीड आहे ती म्हणूनच स्वाभाविक आहे, आणि योग्यही आहे. परंतु जी चीड जितकी तीव्र, तितका तिचा गैरवापर सोपा. एखाद्याला लोकांच्या मनातून उतरवावयाचे असेल, तर त्याच्याविरुद्ध पुरावा गोळा करण्याचे श्रम घ्यावे लागत नाहीत. ‘हा शत्रूला सामील आहे’ एवढे चार शब्द बाजारात सोडून द्यावेत. बाकीचे काम लोक आपण होऊन करतात. आणि ज्याच्याविषयी हे शब्द उच्चारले जातात त्याचा धर्म वा जात थोरल्या समाजाहून वेगळी असेल, तर मग पुरावा कोणी मागतही नाही. त्याचे नाव हाच पुरावा ठरतो.

या गोष्टीचा पहिला धडा शोधण्यासाठी सातारा-सांगलीच्या श्रोत्यांनी दूर जावयास नको. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना इंग्रजांनी १८१९ च्या तहाने गादीवर बसविले. कंपनीच्या परवानगीवाचून बाहेरच्या कोणत्याही सत्तेशी महाराजांनी व्यवहार ठेवू नये, असे त्या तहात एक कलम होते. राजा विद्येचा भोक्ता होता, कारभारात चोख होता; शहरास पाणी, रस्ते, शाळा, ग्रंथसंग्रह यांकडे त्याचे लक्ष असे. आजही साताऱ्याच्या ज्या हायस्कुलात डॉ. आंबेडकर लहानपणी शिकले त्यास याच राजाचे नाव आहे. अशा राजावर १८३६ साली आरोप आला की, त्याने कंपनीच्या पलटणीतील हिंदी अंमलदारांना फितविण्याचा यत्न केला. पुढे त्यास आणखी दोन आरोप जोडण्यात आले: गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशी गुप्त पत्रव्यवहार, आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान. लॉड्विक, ओव्हान्स व विलोबी या तिघांच्या समितीने बंद दाराआड चौकशी केली. ‘माझ्याविरुद्ध जो पुरावा आहे त्याच्या प्रती मला द्या,’ अशी मागणी महाराज पुनःपुन्हा करीत राहिले. त्या प्रती त्यांना मिळाल्या नाहीत.

१८३९ च्या ऑगस्टात मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कारनॅक स्वतः साताऱ्यास आले. त्यांनी महाराजांपुढे एक कागद ठेवला. त्या कागदाचा आशय असा की, घडलेल्या आगळिकीची कबुली द्यावी आणि पुढे तहाप्रमाणे वागण्याचे वचन द्यावे; म्हणजे गादी राहील. नुसती एक सही! व्यवहारी माणसाने म्हटले असते, करावी सही आणि राज्य वाचवावे. महाराजांनी नकार दिला. जे केले नाही ते केले असे लिहून देणार नाही, एवढाच त्या नकाराचा अर्थ होता. सप्टेंबरात त्यांना पदच्युत करून काशीस धाडण्यात आले आणि तेथेच १८४७ साली त्यांचा अंत झाला. त्यांचे वकील रंगो बापूजी हे हाच एक प्रश्न घेऊन सुमारे चौदा वर्षे लंडनात झगडत राहिले. ज्या लॉड्विकने चौकशी समितीत बसून काम केले होते, त्याने देखील पुढे महाराजांची बाजू उचलली. पण गेलेली गादी परत आली नाही.

या प्रकरणातून दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही की, आरोप उघड आणि पुरावा झाकलेला असे होते, तेव्हा आरोपीस लढावयास जागाच उरत नाही. दुसरी याहून सूक्ष्म आहे. संशय घेणारा स्वतः काही सिद्ध करीत नाही. तो संशयितासमोर एक कागद ठेवतो आणि म्हणतो, ‘तू निर्दोष आहेस ना? मग एवढे करून दाखव.’ म्हणजे संशय एकाचा आणि त्याची किंमत मोजावयाची दुसऱ्याने. हा उलटा न्याय होय. साताऱ्यात तो एका राजाच्या वाट्यास आला. स्वतंत्र हिंदुस्थानात, याच महाराष्ट्रात, तो एका नागरिकाच्या वाट्यास आला. राजाच्या हाती निदान एक गादी तरी होती. या नागरिकाच्या हाती लोकांच्या प्रेमाशिवाय दुसरे काहीच नव्हते.

या नागरिकाचे नाव महंमद युसुफ खान. सर्व जग त्यांस दिलीपकुमार या नावाने ओळखते. त्यांचा जन्म ११ डिसेंबर १९२२ रोजी पेशावर येथे झाला. वडील गुलाम सरवर खान हे फळांचे व्यापारी. पेशावरप्रमाणेच नाशिकनजीक देवळालीसही त्यांच्या बागा होत्या. मुलगा देवळालीच्या बार्न्स स्कुलात शिकला, मुंबईत वाढला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुण्यास लष्करी क्लबाच्या उपाहारगृहात नोकरीस लागला. तेथील एक प्रसंग त्यांनी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात सांगितला आहे. क्लबातील मंडळींपुढे बोलताना या तरुणाने हिंदी स्वातंत्र्याचा लढा न्याय्य असल्याचे प्रतिपादन केले. परिणाम व्हावयाचा तोच झाला. पोलिसांनी पकडून त्यास येरवड्याच्या तुरुंगात नेले आणि एक रात्र त्याने सत्याग्रहींच्या संगतीत काढली. म्हणजे या माणसाच्या निष्ठेविषयी सरकारला पहिला संशय आला तो इंग्रजी अमदानीत, आणि तो हिंदुस्थानच्या बाजूने बोलल्याबद्दल! हे पुढील हकिगत ऐकताना विसरू नये.

१९४४ साली ‘ज्वार भाटा’ हा त्यांचा पहिला बोलपट निघाला. बॉम्बे टॉकीजच्या देविकाराणींनी त्यांस दिलीपकुमार हे नाव दिले. पुढे फाळणी झाली. पेशावर परदेशात गेले. ज्यांचे जन्मगाव पाकिस्तानात गेले अशा हिंदू आणि शीख नटांची संख्या मुंबईस थोडी नव्हती. त्यांच्या गावाकडील ओढीचे लोकांना कौतुकच वाटे. युसुफ खानांनी तर हिंदुस्थानातच राहण्याचे पत्करले होते. ‘शहीद’, ‘देवदास’, ‘नया दौर’, ‘मधुमती’, ‘मुघल-ए-आझम’, ‘गंगा जमना’ या चित्रपटांनी त्यांस घरोघरी पोहोचविले. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी रंगभूमीचा पाया घातला, त्या सांगलीचा रसिक नटाची पारख करण्यात कधी कमी पडलेला नाही. हळू आवाजात बोलून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा हा नट त्यास मनापासून आवडला. कोणी त्याचा धर्म विचारून तिकीट काढले नाही.

आणि मग, कीर्ती शिखरास असताना, १९६० नंतरच्या काळात एके दिवशी कलकत्त्याचे पोलीस मुंबईस त्यांच्या घरी येऊन थडकले. कलकत्त्यास पाकिस्तानचा हेर म्हणून एका इसमास पकडण्यात आले होते व त्याच्या टिपणवहीत काही चित्रपट व्यावसायिकांची नावे आढळली होती. त्यांत दिलीपकुमारांचे नाव होते. ज्या नटाचे नाव देशातील लक्षावधी तरुणांच्या ओठावर होते, ते एका वहीत सापडावे यात नवल ते काय? पण वहीतील त्या नावावरून घराची झडती झाली. झडतीत काही निष्पन्न झाले नाही. आरोपास आधार नाही असेच अखेर ठरले. तपास करणे हे पोलिसांचे कामच आहे आणि तपासांती संशय फिटला असेल तर तेथे प्रकरण मिटावयास हवे होते.

परंतु वर्तमानपत्रांचा आणि लोकवार्तेचा तपास असा मिटत नसतो. झडतीची बातमी ठळक अक्षरांत आली. मग तिला पाय फुटले. घरात बिनतारी संदेश पाठविण्याचे यंत्र सापडले, अशीही आवई उठली. ज्या माणसाने असे यंत्र आयुष्यात पाहिलेही नाही, तोही त्या यंत्राविषयी खात्रीने बोलू लागला. झडतीची वार्ता जेवढ्या मोठ्या अक्षरांत छापली जाते, तेवढ्या अक्षरांत ‘काही सापडले नाही’ ही वार्ता छापली जात नाही, हा वृत्तपत्रसृष्टीचा जुना नियम आहे. पहिली वार्ता स्मरणात राहते, दुसरी कोणी वाचीत नाही. आरोप मागे घेतला जातो तोही असा कुजबुजत की, ज्याच्यावर तो केला होता त्यास देखील ऐकू येऊ नये.

मध्यंतरी तीन दशके लोटली. दिलीपकुमारांस १९८० साली मुंबईचे शेरीफपद मिळाले, १९९१ साली पद्मभूषण, आणि पुढे दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. कोणासही वाटावे की संशयाचे ते जुने किटाळ आता धुऊन निघाले. १९९८ साली पाकिस्तान सरकारने त्यांस ‘निशान-ए-इम्तियाझ’ हा सन्मान दिला. त्यापुढील वर्षी कारगिलचे युद्ध जुंपले. जवान धारातीर्थी पडत होते. लोकांची मने प्रक्षुब्ध होती, आणि ती तशी असणे साहजिक होते. त्या प्रक्षोभात मुंबईत मागणी उठली की, दिलीपकुमारांनी तो सन्मान परत करावा आणि आपली देशभक्ती सिद्ध करावी. मागणी करणाऱ्यांत त्यांचे एकेकाळचे स्नेही व शिवसेनेचे प्रमुख बाळासाहेब ठाकरे हे अग्रभागी होते. सभांतून, वृत्तपत्रांतून, रस्त्यावरून तोच एक प्रश्न गाजू लागला.

श्रोतेहो, येथे साताऱ्याच्या त्या कागदाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. परत करा म्हणजे निष्ठावंत. न कराल तर संशयित. सन्मान परत करणे न करणे हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे, आणि युद्धाच्या दिवसांत तो परत करावा असे एखाद्यास प्रामाणिकपणे वाटू शकेल. पण मते देणे वेगळे आणि दाखला मागणे वेगळे. पाकिस्तानचा ‘निशान-ए-पाकिस्तान’ हा त्याहूनही मोठा किताब १९९० साली माजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांस मिळाला होता. दोघेही हिंदुस्थानचेच नागरिक. मग जो प्रश्न एकास विचारला तोच दुसऱ्यास त्याच स्वरात विचारला गेला काय? याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या मनाशीच द्यावे.

दिलीपकुमार त्या वेळी सत्त्याहत्तरीकडे झुकले होते. ते दिल्लीस जाऊन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांस भेटले. त्यांच्या देशभक्तीविषयी शंका घेण्यास जागा नाही, आणि सन्मान ठेवावा की परत करावा हे त्यांचे त्यांनी ठरवावे, अशी भूमिका वाजपेयींनी घेतली. दिलीपकुमारांनी तो परत केला नाही. पाकिस्तानचे माजी परराष्ट्रमंत्री खुर्शीद कसुरी यांनी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याच काळातील एक हकिगत दिली आहे. कारगिलच्या वेळी वाजपेयींनी नवाझ शरीफ यांस दूरध्वनी केला आणि बोलता बोलता तो दिलीपकुमारांच्या हाती दिला. दिलीपकुमारांनी शरीफ यांस सुनावले ते असे की, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. दोन देशांत तणाव वाढला की येथील मुसलमानांस घराबाहेर पडणेही कठीण होते. ही हकिगत कसुरींची आहे, एवढे ध्यानात ठेवून देखील तीतील दुःखाकडे दुर्लक्ष करता येत नाही. ज्या माणसास रस्त्यावर निष्ठेचा दाखला मागितला जात होता, तोच माणूस आपल्या पंतप्रधानांच्या शेजारी बसून शत्रुराष्ट्राच्या प्रमुखास चार शब्द ऐकवीत होता!

यावर कोणी म्हणेल की, हेरगिरी ही काही काल्पनिक गोष्ट नव्हे. राष्ट्राने सावध असू नये काय? अवश्य असावे. परंतु नावाकडे पाहून हेर शोधणे ही सावधगिरी नव्हे, ती आंधळेपणाची एक तऱ्हा आहे. याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला फ्रान्सचा. १८९४ साली फ्रेंच सैन्यातील कॅप्टन आल्फ्रेड द्रेफ्यूस या यहुदी अधिकाऱ्यावर जर्मनीस गुप्त माहिती पुरविल्याचा आरोप आला. यहुद्यांचा द्वेष हेच ज्याचे भांडवल, अशा एका पत्राने त्याच्या नावाचा डंका पिटला. साताऱ्याप्रमाणेच येथेही न्यायाधीशांना एक गुप्त बाड दाखविण्यात आले, जे आरोपीच्या वकिलास दिसले नाही. द्रेफ्यूसची तलवार सर्वांसमक्ष मोडण्यात आली आणि त्यास समुद्रापारच्या ओसाड बेटावर नेऊन टाकण्यात आले. खरा अपराधी होता एस्तेरहाझी नावाचा दुसराच अधिकारी. सरदारी डौलाचा आणि कर्जात बुडालेला. त्याचे कर्ज कोणास दिसले नाही, कारण सर्वांचे डोळे द्रेफ्यूसच्या धर्मावर खिळले होते. कादंबरीकार झोला याने १८९८ साली वृत्तपत्रातूनच या अन्यायास वाचा फोडली, आणि १९०६ साली द्रेफ्यूस पूर्ण निर्दोष ठरला. ज्या वृत्तपत्रांनी अन्याय केला त्यांच्याच एका भावंडाने तो निवारला, एवढे वृत्तपत्रसृष्टीच्या बाजूने सांगितले पाहिजे.

आपल्या देशातही तेच दिसते. १९८५ साली दिल्लीत कुमार नारायण नामक व्यापाऱ्याचे हेरगिरीचे जाळे उघडकीस आले, तेव्हा त्याचे धागे थेट पंतप्रधानांच्या कचेरीपर्यंत पोहोचले होते. तेथील नोकरांनी कागद विकले ते पैशाच्या आणि मद्याच्या लोभाने. लोभाला धर्म नसतो. जो पहारेकरी येणाऱ्याचे फक्त नाव विचारतो आणि गाठोडे तपाशीत नाही, त्याच्या पहाऱ्यातून चोरी झाल्यावाचून राहत नाही.

आता आपल्याच गावांकडे वळावे. सांगलीशेजारच्या मिरजेस उस्ताद अब्दुल करीम खाँ येऊन राहिले. ते मूळचे उत्तरेकडील कैरानाचे. त्यांच्या गळ्याने मराठी रंगभूमीचे गाणे समृद्ध झाले, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचले. आणि १९३७ साली खाँसाहेबांचे देहावसान झाल्यावर मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांस विसावा मिळाला. तेथे दरवर्षी उरुसात गवई हजेरी लावतात व हिंदू-मुसलमान श्रोते रात्र रात्र मांडीला मांडी लावून ऐकतात. ‘तुम्ही कोठले, तुमची निष्ठा कोणाशी?’ असे या नगरीने खाँसाहेबांस विचारले नाही. म्हणूनच ते मिरजेचे झाले.

पण याच मिरजेत २००९ सालच्या गणेशोत्सवात एका कमानीवरील चित्रावरून दंगल पेटली, हेही खरे. आणि सातारा जिल्ह्यातील पुसेसावळी गावी १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री जे घडले ते तर अगदी अलीकडचे. समाजमाध्यमांवरील आक्षेपार्ह मजकुरावरून जमाव जमला. मजकूर खरोखर कोणी लिहिला याचा निवाडा होण्यापूर्वीच तो मशिदीवर चालून गेला, आणि एक तरुण प्राणास मुकला. पूर्वी अफवा पसरविण्यास छापखाना लागे, संपादक लागे, निदान सकाळ होईपर्यंत थांबावे लागे. आज प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे आणि संपादक कोणीच नाही. म्हणून जो विवेक पूर्वी संपादकाने करावयाचा, तो आता प्रत्येक कुटुंबातील कर्त्या माणसाने करावयास हवा.

तो विवेक काही अवघड नाही. कोणाविषयी ‘हा देशद्रोही’ असे ऐकले की तीन प्रश्न विचारावेत. पुरावा काय आहे? तो आरोपीस दाखविला आहे काय? आणि हेच कृत्य आपल्यातील एखाद्याने केले असते तर हाच आरोप झाला असता काय? तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत ती गोष्ट दुसऱ्यास सांगू नये. न्यायालये आहेत, कायदा आहे, तपास करणारे अधिकारी आहेत. त्यांचे काम त्यांना करू द्यावे. आपल्याकडे राहते ते एवढेच की, आपल्या तोंडून निकाल बाहेर पडू नये.

दिलीपकुमार ७ जुलै २०२१ रोजी मुंबईस वारले. वय अठ्ठ्याण्णव वर्षांचे होते. महाराष्ट्र सरकारने शासकीय इतमामाने त्यांस निरोप दिला. देह तिरंग्यात गुंडाळला गेला, बंदुकांची सलामी झडली. त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री होते बाळासाहेब ठाकऱ्यांचे चिरंजीव उद्धव ठाकरे. काळ असे काही हिशेब आपल्या परीने पुरे करतो. पण ज्यास तिरंगा मिळाला तो लोकोत्तर नट होता. ज्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत, असे शिक्षक, शिंपी, यंत्रावरचे कामगार, फळांचे व्यापारी आपल्या पेठांतून राहतात. सीमेवर गोळी सुटली की त्यांच्या घरी दिवा लवकर मालवला जातो. त्यांस सलामी नको आहे. शेजारी ज्या विश्वासाने स्वतः जगतो, तेवढाच विश्वास त्यांस हवा आहे, आणि तो कोणताही दाखला न मागता दिला गेला पाहिजे.